निळा की पिवळा?

मैत्रिणींनो, गणपती पोहोचवून आलं, की आमच्याकडे दरवर्षी एक विषय निघतो आणि दिवाळीच्या खर्चाकडे पाहून दरवर्षी गुपचूप मागे पडतो. तो म्हणजे घराला रंग देण्याचा. गेल्या वर्षी मात्र सासूबाईंच्या खोलीतल्या भिंतीला पोपडे धरले, हात लागला की अंथरुणावर चुरा पडू लागला, आणि सबब चालेना. सगळं घर राहू दे, निदान एवढी खोली तरी करून घेऊ, असं ठरलं. खोली केवढीशी, तर दहा बाय बाराची. मला वाटलं आठ दिवसांचं काम. प्रत्यक्षात ते तीन महिने चाललं. त्यात रंगाऱ्याचा दोष नव्हता बरं का, दोष माझाच होता.

आधी खोलीविषयी सांगते. पुण्यातली जुनी इमारत, तिसरा मजला, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. समोर पंधरा-वीस फुटांवर दुसरी इमारत उभी. त्यामुळे उन्हाचा कवडसा म्हणून खोलीत येत नाही. जो काय उजेड येतो तो आभाळाचा, आणि आभाळाचा उजेड नेहमी थोडा निळसर असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"मला निळा हवा," सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "आकाशी नव्हे. आमच्या माजघरासारखा निळा."

त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडे दिवाळीच्या आधी चुना कालवून त्यात कपड्यांना घालायची नीळ टाकत आणि माजघराच्या भिंती त्याने सारवल्यासारख्या रंगवत. पडवीला बाहेरून पिवडीचा पिवळा. आपल्या आज्यांच्या काळी दुकानात जाऊन शेडकार्ड चाळायची सोयच नव्हती. नीळ, पिवडी आणि काव ह्या तीन पुड्यांत सगळं घर रंगून निघे. त्यामागे शास्त्रही होतं. चुना मोठा दाहक, पुष्कळ रंग त्यात जळून फिके पडतात. पण पिवडी ही लोहाच्या अंशाची माती आणि कपड्यांची नीळ म्हणजे अल्ट्रामरिन, ही दोन्ही चुन्यात टिकतात.

माझं मन मात्र पिवळ्यावर होतं. कारण साधं होतं, खोली अंधारी. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती परत खोलीत टाकते, ह्याला एक आकडा असतो. काही रंग-कंपन्या तो माहितीपत्रकात 'एल.आर.व्ही.' ह्या नावाने देतात. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे सगळाच्या सगळा उजेड परत. चांगला पांढरा ऐंशीच्या पुढे असतो, लोण्यासारखा फिका पिवळा सत्तरच्या आसपास, आणि सासूबाईंच्या मनातला निळा मला चाळिसाच्या आतबाहेरचा वाटत होता. म्हणजे पिवळ्याच्या जवळजवळ निम्माच उजेड परत मिळणार! चारही भिंती तशा केल्या, तर भर दुपारी दिवा लावायची पाळी. आधीच सासूबाईंना दिवसाउजेडी दिवा लावून तांदूळ निवडायची सवय लागली होती, आणि मी त्यावरून दोनतीनदा बोललेही होते. खोटं कशाला सांगू, विजेच्या बिलावरूनच बोलले होते.

आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे तोडगा काढला: "दोन्ही आणून भिंतीवर लावून बघा, आणि मला विचारू नका."

आता हे 'लावून बघणं' कसं करायचं, ह्यात मी तीन चुका केल्या. तुम्ही करू नयेत म्हणून सांगते.

पहिली चूक, दोन्ही रंगांचे पट्टे शेजारी शेजारी मारले. दोनशे मिलीलिटरच्या नमुन्याच्या डब्या मिळतात, त्या आणल्या आणि खिडकीजवळ दोन दोन फुटांचे चौकोन एकाला एक चिकटवून रंगवले. निळा असा उठून दिसला म्हणता! आणि पिवळा तर झेंडूच्या फुलासारखा. त्यात रंगांचा काही मोठेपणा नव्हता, तो शेजाराचा गुण होता. निळ्या साडीला पिवळा काठ असला, की तोच पिवळा किती झळझळीत दिसतो, आणि तोच काठ बदामी साडीला लावला तर कसा गरीब होतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, शेव्हरल त्याचं नाव, ह्यावर १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. तो पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकामाच्या धाग्यांची रंगाई पाहत असे. लोक तक्रार करत, तुमचा काळा धागा फिका आहे. ह्याने शोधून काढलं की धागा ठीक आहे, शेजारचा रंग त्याला बिघडवतो. तेव्हा दोन विरुद्ध रंगांतून निवड करायची असेल, तर त्यांना एकमेकांच्या शेजारी बसवू नका. दोन मोठे पुठ्ठे घ्या, प्रत्येकाला एकेका रंगाचे दोन हात द्या, कडेने दोन बोटं पांढरी चौकट सोडा, आणि एका वेळी एकच पुठ्ठा भिंतीला लावा. पुठ्ठ्याचा आणखी फायदा असा, की तो खिडकीजवळून उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात नेता येतो. तिथे तोच रंग दोन छटांनी गडद दिसतो. शिवाय चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे पूर्ण खोली नमुन्यापेक्षा नेहमी गडदच होते. आमचे रंगारी, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ते म्हणाले, "वहिनी, कार्डावर जो आवडेल त्याच्या वरचा एक घर फिका घ्या." हे मात्र अगदी खरं निघालं.

दुसरी चूक वेळेची. माझी शाळा सकाळची. मी घरी येते दीडला, सासूबाईंच्या खोलीत डोकावते दोनला. त्या वेळी समोरच्या इमारतीवर ऊन असतं, त्याचा उजेड आमच्या खिडकीतून आत येतो आणि खोली त्यातल्या त्यात हसरी असते. मी दोनचा रंग पाहून मनात निकाल देऊन मोकळी! पण त्या खोलीत राहतं कोण? सासूबाई. त्या पहाटे पाचला उठून तिथेच पोथी वाचतात आणि संध्याकाळी वाती वळत बसतात. खोलीचा रंग त्या वेळांना पाहायला हवा होता.

तिसरी चूक दिव्याची. खोलीत पांढऱ्या उजेडाचा एलईडी होता. बल्बच्या खोक्यावर ६५०० के असं छापलेलं असतं, तो हा. त्याचा उजेड निळसर. ह्या दिव्याखाली माझा लाडका लिंबासारखा पिवळा चक्क हिरवट दिसला. कच्च्या कैरीच्या फोडीसारखा! त्यात बसलेल्या माणसाला कावीळ झाली आहे की काय, असं वाटावं. २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर उजेडाचा दिवा लावला, तेव्हा पिवळा पुन्हा माणसांत आला, पण निळा मळकट झाला. तेव्हा आधी दिवा ठरवा, मग रंग. आणि उत्तरेच्या खोलीत पिवळा द्यायचाच असेल, तर लिंबाकडे झुकणारा घेऊ नका. लोणी, बदाम, हळदीचं दूध ह्या कुळातला, किंचित तांबूस अंगाचा घ्या.

निळ्याबद्दलही एक समज दूर करते. निळ्या भिंतीने खोली थंड राहते असं पुष्कळजणी म्हणतात. थंड वाटते, एवढंच. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीची उष्णता म्हणण्यासारखी उतरत नाही. ती उतरवायची असेल तर गच्चीला पांढरा रंग द्या, त्याने वरच्या मजल्यावर खरोखर फरक पडतो.

असो. तर तिन्ही चुका कळल्यावर मी पुठ्ठे केले आणि एका संध्याकाळी निळा पुठ्ठा सासूबाईंच्या पलंगासमोर टेकवून ठेवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हा कुठे निळा? हा तर राखेचा."

मी मनातून खूश झाले. म्हटलं, चला, पिवळ्याचं काम झालं. पण माझी मुलगी बाजूलाच अभ्यास करत होती. ती म्हणाली, "आजी, निळाच आहे तो. चांगला निळाशार आहे." सासूबाई म्हणाल्या, "असेल बाई," आणि गप्प बसल्या. तो आवाज मला आवडला नाही. हट्ट सोडतानाचा नव्हता, काहीतरी लपवतानाचा होता.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. महिन्यापूर्वी त्यांनी ह्यांच्या निळ्या पँटची बटणं काळ्या दोऱ्याने लावली होती, आम्ही हसलो होतो. देवघरातलं गोकर्णाचं फूल त्यांनी "सुकलंय" म्हणून काढून ठेवलं होतं, ते ताजं होतं. आणि ते दिवसाउजेडी दिवा लावून तांदूळ निवडणं! मी ज्यावरून बोलत होते, ते. त्यांना खडे दिसत नव्हते, म्हणून दिवा लागत होता. माझ्या बोलण्यामुळे त्यांनी दिवा लावणं कमी केलं होतं, आणि भातात खडा लागला की मी दुकानदाराला नावं ठेवत होते.

दुसऱ्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं, की आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं, मग तपकिरी होत जातं. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं होतं ते. पिवळं भिंग सगळ्यात जास्त अडवतं ते निळ्या उजेडाला. म्हणून निळा मळतो, जांभळा तपकिरी वाटतो, गडद निळा आणि काळा एकच होतात. आणि हे इतकं हळूहळू होतं, की माणसाला वाटतं वस्तूच जुनी झाली. क्लोद मोने नावाचा मोठा फ्रेंच चित्रकार होऊन गेला, त्याचंही असंच झालं होतं. मोतीबिंदूच्या वर्षांत त्याच्या चित्रांत लाल-तपकिरी रंग वाढत गेले. १९२३ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याला पुन्हा निळा दिसू लागला. पण चित्रकाराचं जगाला कळलं. आपल्या घरातल्या बायका नुसतं "असेल बाई" म्हणतात.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या दहा दिवस आधी झाली, एकाच डोळ्याची. म्हणजे रंगकाम बंद! कारण रंगाचं काम म्हणजे आधी खरवडणं, लांबी भरणं, मग पॉलिशपेपर घासणं. सगळ्या घरभर पिठासारखी धूळ. ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्याला धूळ, धूर आणि पाणी ह्या तिन्हींपासून जपावं लागतं, आणि आमच्या डॉक्टरांनी तर महिनाभर थेंब घालायला सांगितले होते. तेव्हा घरात कोणाचं असं काही ठरलेलं असेल, तर रंगकाम एक तर आधी पुरतं उरकून घ्या, नाही तर डॉक्टरांना विचारून मागाहून करा. दोन्हींची गाठ घालू नका.

आमची दिवाळी झाली ती भिंतीवर निळं आणि पिवळं अशी दोन ठिगळं मिरवत. फराळाला आलेल्या प्रत्येकीने आपलं मत दिलं. एकजण म्हणाली निळा, तर दुसरी म्हणाली हिरवाच द्या. मी चकली पुढे करत राहिले.

पट्टी निघाली त्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली. सासूबाई घरी येऊन पलंगावर बसल्या, समोर भिंतीवर ती दोन ठिगळं. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा झाकला, पुन्हा डावा. लहान मुलांसारखं चाललं होतं. मग मला हाक मारली. "इकडे ये, गंमत सांगते. ह्या डोळ्याने तो राखेचा आहे, आणि ह्या डोळ्याने तो निळा आहे. आमच्या माजघराहूनही निळा." आणि माझ्या पिवळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा तुझा पिवळा ह्या डोळ्याला चांगला पिवळा आहे, पण नव्या डोळ्याला पार फिका! पांढऱ्याच्या जवळ."

म्हणजे पाहा, एकच भिंत, एकच वेळ, एकच माणूस, आणि दोन डोळ्यांना दोन निरनिराळे रंग. मी आकडे काढून कोणता रंग किती उजेड परत टाकतो ते पाहत बसले होते. पण तो उजेड ज्या डोळ्यात शिरायचा होता, तो तपासायचं मला सुचलं नव्हतं. तेव्हा घरात साठीच्या पुढचं कोणी असेल आणि रंगाची निवड चालली असेल, तर दोन्ही पुठ्ठे त्यांच्यासमोर धरा आणि एक एक डोळा झाकून काय दिसतं ते विचारा. फरक सांगितला किंवा निळ्याला राखाडी म्हटलं, तर रंगाऱ्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रंग काय, महिनाभर थांबतो.

शेवटी केलं काय, ते सांगते. मार्गशीर्षात काम घेतलं. तीन भिंतींना आणि छताला फिका, लोण्याकडे झुकणारा दुधी. चौथी भिंत निळी. पण चौथी कोणती, ह्यावर पुन्हा खल झाला. खिडकीची भिंत गडद करायची नाही. तिच्यावर तसाही उजेड पडत नाही, आणि गडद भिंतीत उजळ खिडकी डोळ्यांवर येते, म्हाताऱ्या माणसांना तर फारच. खिडकीच्या समोरची भिंतही नको, कारण खोलीला उजेड परत मिळतो तो मुख्यतः तिच्याकडूनच. पलंगाच्या डोक्याकडची निळी केली तर ती सासूबाईंना दिसणार कशी? तेव्हा पायथ्याकडची, पलंगावर पडलं की समोर दिसणारी भिंत निळी झाली. दिव्याची बटणं त्याच भिंतीवर आहेत. पांढरी पाटी निळ्यावर लांबून ओळखू येते, त्यामुळे रात्री उठल्यावर चाचपडावं लागत नाही. हा फायदा आधी ठरवून झाला नाही, आपोआप झाला. पण तुम्ही ठरवून करा. वयस्क माणसाच्या खोलीत बटणांची पाटी, दाराची चौकट, पायरीची कड ह्या गोष्टी भिंतीहून वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळं पांढऱ्यात पांढरं शोभून दिसतं, पण ठेच लागते.

हिशोबाचंही थोडं सांगते. चार भिंतींचा घेर ४४ फूट, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ४०० राहिले. इमल्शनचा एक लिटर एका हाताला सव्वाशे ते दीडशे चौरस फूट जातो असं धरा. दोन हातांना सहा लिटर पुरतात. छत वेगळं. निळ्याला मात्र मामांनी तिसरा हात मारला, कारण दुसऱ्या हातानंतरही रोलरचे पट्टे दिसत होते. गडद रंगाचा हा खर्च आधीच धरून ठेवा. आणि सगळा निळा एकदम, एकाच दिवशी मिसळून घ्या. निम्मा आज आणि निम्मा चार दिवसांनी आणला तर बारीकसा फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

भिंत ओली असेल, तर रंग कितीही भारी घ्या, पोपडे धरणारच. आमची ओल बाहेरच्या पाइपाच्या सांध्यातून येत होती. तो सांधा आधी दुरुस्त केला, भिंत पंधरा दिवस वाळू दिली, मग लांबी.

आणखी एक, आणि हे लहान मुलं असलेल्या घरांनी विशेष वाचा. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये, ते पुष्कळ असू शकतं. आणि त्यातही पिवळा, शेंदरी, हिरवा ह्यांत, कारण झळझळीत पिवळ्यासाठी लेड क्रोमेट वापरत. आमच्या खिडकीला खाली जुना पिवळाच निघाला. तो कोरडा घासू दिला नाही. पाणी मारून ओला खरवडला, खाली प्लॅस्टिक अंथरलं, आणि दोन दिवस मुलीला आत्याकडे पाठवलं. मामा कुरकुरले, पण त्यांच्याही नाकाला फडकं बांधायला लावलं.

काम झाल्यावर अर्धा लिटर निळा उरला आहे. झाकणाच्या कडा पुसून ते घट्ट बसवलं आणि डब्यावर शेडचा नंबर, तारीख आणि 'आईंची खोली' असं लिहून माळ्यावर ठेवला. सासूबाईंचा डावा डोळा संक्रांतीनंतर करायचा ठरलं आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर भिंत फार भडक वाटली, तर मामा येऊन त्यावर फिक्या निळ्याचा एक हात देणार आहेत, तसं त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलं आहे. सासूबाई म्हणतात, नको, मला माजघर असंच आठवतंय. दिवसाउजेडी दिवा आता लागत नाही, आणि लागला तरी मी बोलत नाही.